गुंठ्यापायी जगाची तोंडं बंद

हे कोणाला खरं वाटणार नाही, पण नॉर्वेपासून ब्राझीलपर्यंत अकरा देशांची तोंडं मी एका कढईत बंद केली. ताडकळसच्या बाजारात, शिवकांतच्या चहाच्या गाड्यावर मी हे सांगितलं तेव्हा त्यानं गाळणी खाली ठेवली.

"धोंडप्पा काका, सकाळपासूनची ही तिसरी थाप."

"कारण असंल तर हरकत घे. नुसतं तोंड वाकडं करायचं न्हाई. तिथं बी हाच कायदा हाय."

तिथं म्हणजे माझी नात त्रिवेणी ज्याचं काम करते त्या ॲपमध्ये. मोबाइल घेऊन बांधावरून फिरलं की ते ॲप शेताचं क्षेत्र सांगतं. फुकट आहे, मालक कोणी नाही. जगभरातली माणसं घरबसल्या त्याची डागडुजी करतात. पण सांगतं हेक्टरमध्ये, आणि हेक्टर म्हटलं की आमचा माणूस आभाळाकडं बघतो. पोरीनं चार महिने खपून त्यात गुंठे बसवले आणि सगळ्यांपुढं मांडले. नॉर्वेचा एक जण म्हणाला, गावोगावची मापं घेत बसलो तर ॲपचं गाठोडं होईल. ब्राझीलची बाई म्हणाली, उद्या बिघडलं तर बघणार कोण? त्रिवेणीनं आमच्या पेडगावची बावीस शेतं पायानं फिरून सातबाऱ्याशी ताडून दाखवली आणि लिहिलं, मी बघेन. मग शेवटची मुदत पडली: तीन दिवसांत कोणाची कारणासकट हरकत आली नाही तर गुंठे आत, आली तर कायमचे बाहेर.

मुदत आज चारला संपत होती. तीन दिवस पोर नीट जेवली नव्हती. आताही समोरच्या बाकावर मोबाइलकडं बघत बसलेली, चहावर साय धरलेली.

"मग मी गप बसंन का?" मी म्हणालो. "शेंगदाण्याची चिक्की केली. पाक असा, की उलथनं कढईत उभं राहिलं ते आजवर निघालं न्हाई. अकरा डबे भरले अन् एसटीत टाकले."

"नॉर्वेला एसटी जाती व्हय?"

"पाथरीला बदलावी लागती."

गाड्यावरचे सगळे हसले. त्रिवेणी नाही.

"नॉर्वेवाल्यानं एक घास घेतला अन् जबडाच बसला. डॉक्टर आला, त्यानं 'बघू तरी' म्हणून चाखली. आता दोघं एकमेकाला खुणा करायलेत. ब्राझीलच्या बाईचा तर पोपट बी मुका झालाय."

"चार वाजले!" त्रिवेणी एकदम उठली. "अप्पा, कोणीच काई बोललं न्हाई! गुंठे आत गेले!" गार झालेला चहा तिनं सायीसकट एका घोटात संपवला.

"बोलतील कसे?" मी मिशीवरून हात फिरवला. "तोंडं चिकटलीत. काय शिवकांत, हाय का आता हरकत?"

शिवकांतनं गाळणी पुन्हा उचलली. हात वर झाला तो त्रिवेणीचा.

"माझी हाय, अन् कारणासकट हाय. तिथं तोंडानं कोण बोलतं, अप्पा? हरकत बोटांनी लिहितेत!"