समोर बसून वाचायचं

निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात गेले ती नोकरी सोडायलाच. मालकाच्या टेबलासमोर उभी राहिले आणि सांगून टाकलं, "शनिवारपर्यंत येईन. मग मुलाकडे चाललेय. कायमची."

मालक म्हणजे आमच्या जुन्या मालकांचा मुलगा. त्याला मी शाळेच्या गणवेशात नाक पुसताना पाहिलंय, त्यामुळे मी त्याला अरेतुरे करते आणि तो मला जरा घाबरून असतो. तो म्हणाला, "काकू, अहो निवडणूकच ती. कुणीतरी हरणारच की."

"हो ना? मग मी हरलेय. मला नीट हरू दे."

मुलगा किती वर्षं म्हणत होता, आई, एकटी कशाला राहतेस, इकडे ये. दर वेळी मी काहीतरी सांगून टाळायची. निकालाच्या संध्याकाळी त्याचा फोन आला आणि मी 'येते' म्हणून मोकळी झाले. फोन ठेवला आणि अशी रडले की शेजारीण भिंतीवर थापा मारून विचारायला लागली, "बरी आहेस ना गं?"

बरी कसली! सगळ्या प्रचारभर ही मंडळी एकच गोष्ट घोकत होती. या देशात आपलं कोण आणि परकं कोण, ते आता आम्ही ठरवणार. आणि लोकांनी त्यांना भरभरून मतं दिली. कुठल्या लांबच्या लोकांनी नाही, माझ्या गल्लीनं दिली. ज्यांच्या पोरांना मी अंगाखांद्यावर खेळवलं त्यांनी दिली. हरल्याचं दुःख होतंच, पण ते गिळता आलं असतं. या माणसांना मी ओळखते असं इतकी वर्षं समजत होते, तेच खोटं ठरलं, हे काही केल्या गिळता येईना.

आणि त्यांतलं एक माणूस रोज माझ्यासमोर बसतं.

त्यांना सगळे मास्तर म्हणतात, कारण पूर्वी ते शाळेत भाषा शिकवायचे. आम्ही दोघं छापखान्यात मुद्रितं तपासतो. आमच्याकडची पद्धत जुनी आहे. खिडकीपाशी एक टेबल, दोन बाजूंना दोघं. मास्तर लिहून आलेला मूळ मजकूर मोठ्यानं वाचतात, मी छापायला लावलेल्या मजकुराच्या कागदावर पेन्सिल धरून मागोमाग जाते. सगळं वाचायचं, विरामचिन्हंसुद्धा. "आमच्या येथे पंखे स्वल्प पंप स्वल्प रेडिओ दुरुस्त करून मिळतील पूर्ण." नव्या माणसाला वाटतं दोघं वेडे आहेत. हल्ली सगळे एकटेच पडद्यावर बघून तपासतात, पण आमच्या जुन्या मालकांचा हट्ट होता. म्हणायचे, माणूस एकटा वाचतो तेव्हा त्याला हवं तेच वाचतो. समोर बसून वाचायचं. आणि दुसरा नियम, कागदावर असेल तेच वाचायचं, स्वतःची अक्कल चहाच्या वेळी पाजळायची.

चहाच्या वेळी आम्ही ती भरपूर पाजळली. मास्तर त्या पक्षाचे, मी या पक्षाची, आणि छापखाना दोघांचंही काम घेणारा. माझ्या लोकांचं पत्रक ते खणखणीत आवाजात वाचायचे, त्यांच्या लोकांच्या पत्रकातल्या चुका मी मनापासून सुधारायची. निवडणुकीआधी मी त्यांना म्हटलं होतं, "मास्तर, तुमचं डोकं फिरलंय." ते म्हणाले, "बाई, तुमचं कधी जागेवर होतं?" आणि मग बिस्किटं माझ्याकडे सरकवली. असं चालायचं.

निकालानंतर मात्र मी तोंडाला कुलूप लावलं. कामापुरतं बोलायची. त्यांनी जरा मिरवलं असतं तर बरं झालं असतं, मी भांडून तरी घेतलं असतं! पण ते आले, चष्मा पुसला आणि "सुरू करू या?" म्हणाले. बिस्किटं सरकवली. मी परत सरकवली. मी शनिवारी चाललेय हे त्यांना मालकानं सांगितलं असणार, कारण दिवसभरात ते दोनदा माझ्याकडे बघून काहीतरी बोलायला गेले आणि खोकले.

पुढच्या दिवशी जिंकलेल्या पक्षाच्या कचेरीतून काम आलं. घरोघर वाटायचं आभारपत्रक. मालकाच्या चेहऱ्यावर लख्ख उजेड पडला. असं मोठं काम खूप दिवसांत आलं नव्हतं. "काकू, तेवढं आजच्या आज," असं माझ्याकडे न बघता म्हणून तो मशीनकडे पळाला.

मास्तरांनी मूळ कागद घेतला, मी पेन्सिल. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, पण काम म्हणजे काम.

"प्रिय नागरिकहो उद्गार," मास्तर वाचू लागले. "आपण दाखवलेल्या विश्वासाबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत पूर्ण. हा विजय आपला आहे पूर्ण." एका ठिकाणी वेलांटी चुकली होती, मी खूण केली. रस्ते, पाणी, शाळा, सगळी वचनं झाली. मास्तर छान वाचतात. त्यांच्या तोंडी रद्दी ऐकली तरी खरी वाटते, हाच त्यांचा दोष.

आणि ते थांबले.

खरं तर माझी नजर आधीच पुढे गेली होती. जायला नको, पण जाते. शेवटच्या परिच्छेदात ते वाक्य होतं. मी पेन्सिल घट्ट धरून बसले. म्हटलं, वाचू दे. बघू तर खरं.

"पुढे," मी म्हणाले.

मास्तर पाणी प्यायले. कागद जवळ धरला, लांब धरला. "ज्यांनी या वेळी," ते म्हणाले. खोकले. पुन्हा, "ज्यांनी या वेळी..."

"डोळ्यांत काही गेलं का?"

"बाई, हे मी तुमच्याकडे बघून वाचू शकत नाही."

"मग माझ्याकडे नका बघू. कागदाकडे बघा."

"कागदाकडे बघूनच अडलोय," ते म्हणाले, आणि कागद टेबलावर पालथा घातला.

इतक्या वर्षांत त्यांनी कधी असं केलं नव्हतं. एकदा एका माणसानं बायकोला जाहीर शिव्या घातलेली नोटीस आणली होती, तीसुद्धा त्यांनी स्वल्पविरामांसकट वाचली होती. मालक धावत आला. त्यानं कागद उलटला, वाचला आणि ओठ चावले. पण मोठं काम ते मोठं काम. म्हणाला, "मास्तर, तुमचेच लोक ना हे? आपण फक्त छापतो."

"छाप की," मास्तर म्हणाले. "पण इथला नियम तुझ्या वडिलांचा आहे. वाचल्याशिवाय छापायचं नाही. आणि मी वाचणार नाही."

"मग काकू वाचतील."

"मी पेन्सिल धरते," मी म्हणाले. "मूळ वाचायचं काम माझं नाही." इतक्या दुःखातही मला जरा मजा वाटली हे खरं आहे.

मालकानं कपाळाला हात लावला आणि पक्षाच्या कचेरीत फोन केला. थोड्या वेळानं त्यांचा माणूस आला. बघते तर आमच्या कोपऱ्यावरचा औषधवाला! त्या पक्षाचं गल्लीतलं काम तो बघतो हे ठाऊक होतं, पण पत्रक त्याच्या हातून येतंय हे ठाऊक नव्हतं. मला बघून तो एकदम बारीक झाला.

"मावशी, तुम्ही इथं असता होय? काय अडचण आहे?"

"अडचण काही नाही," मास्तर उठून म्हणाले. "मला वाचायला जमत नाहीये. या, बसा माझ्या जागेवर. बाईंसमोर बसायचं आणि मोठ्यानं वाचायचं. शेवटचा परिच्छेद राहिलाय."

औषधवाला बसला. हसत बसला, कारण त्याला आठवत नव्हतं शेवटी काय आहे. आणि तो वाचायला लागला.

"ज्यांनी या वेळी आम्हाला साथ दिली नाही," इथपर्यंत आला आणि हसू गेलं. पण तो गडी थांबला नाही, तेवढं त्याचं मान्य करायला हवं. हळू आवाजात, खाली मान घालून त्यानं वाक्य पुरं केलं. "त्यांची घरं आम्हाला ठाऊक आहेत."

मशीन बंद होतं. बाहेर कुणाची तरी सायकल घसरत थांबल्याचा आवाज आला.

"पूर्ण का?" मी विचारलं.

"काय?"

"पूर्णविराम आहे, की उद्गारचिन्ह? ते वाचावं लागतं."

मी खूप काही ऐकवणार होते, तोंडात अगदी तयार होतं. पण बाहेर पडलं ते भलतंच. "माझं घर तर तुला ठाऊकच आहे की रे. आमच्या ह्यांच्या शेवटच्या आजारपणात कितीदा आलास. दुकान बंद करून, स्वतःच्या पायांनी, गोळ्या घेऊन आलास. ह्यांना उठवत नव्हतं तर उशाशी बसून पाणी पाजलंस. आता कशाला येणार आहेस?"

मला रडायचं नव्हतं, विशेषतः त्याच्यासमोर. पण आलं रडू, काय करणार.

"मावशी, हे वाक्य मी नाही लिहिलं," तो म्हणाला. "वरून आलंय."

"वाचलं पण नव्हतंस?"

"वाचलं होतं," तो म्हणाला. "घरी वाचलं होतं. तेव्हा काही वाटलं नव्हतं."

त्यानं मूळ कागद आणि माझ्या हातचा कागद दोन्ही घेतले, घडी घातली, आणि "सांगतो मी," एवढं म्हणून गेला. काय सांगणार, कुणाला सांगणार, काही नाही. मालक दुपारभर दारं आपटत होता. संध्याकाळी कचेरीचा निरोप आला, काम दुसरीकडे दिलंय. मालक म्हणाला, "झालं समाधान दोघांचं?" त्याचंही चुकलं नव्हतं, महिन्याचं काम गेलं होतं त्याचं. मी मान खाली घातली. मास्तर पेन्सिलीला टोक करत होते.

शुक्रवारी रात्री मी कपाट आवरलं. बॅग काढली. शनिवारी सकाळी दाराखालून पत्रक आत आलं.

मी ते उचललं आणि उभ्याउभ्याच शेवटचा परिच्छेद वाचला. वाक्य नव्हतं. पुन्हा वाचलं, मागची बाजू बघितली. नव्हतं! शेजारणीचं मागून आणलं, तिला म्हटलं जरा बघू. त्यातही नव्हतं. पहिल्याच ओळीत मात्र ऋणीचा रुणी झाला होता आणि विश्वासाची वाट लावली होती. ज्यानं छापलं त्यानं नक्कीच एकट्यानं वाचलं असणार.

मला ठाऊक आहे, याचा अर्थ फार नाही. सरकार तेच. दुसऱ्या गल्ल्यांत कदाचित ते वाक्य वाटलंही गेलं असेल. एका औषधवाल्यानं एक वाक्य गाळून घेतलं, एवढंच झालं. तरी मी ते पत्रक हातात धरून हसत उभी होते, आणि डोळे पुसत होते, आणि उशीर होत होता.

छापखान्यात मास्तर आधीच येऊन बसले होते. त्यांच्यासमोर तेच पत्रक, चुकांवर लाल खुणा करून ठेवलेल्या. हौस म्हणून.

"बघितलंत?" मी म्हणाले.

"बघितलं. अकरा चुका आहेत."

"मास्तर, चुका नाही हो."

"ते पण बघितलं," ते म्हणाले. चष्मा काढला. "बाई, खोटं कशाला बोलू? मी मत त्यांनाच दिलं होतं. आणि पुढच्या वेळीसुद्धा कदाचित त्यांनाच देईन. तुमचे लोक मला नाही पटत. तुम्ही जाताय, तेव्हा हे सांगितलेलं बरं."

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणून सांगू! मी पिशवी टेबलावर आपटली. डबा खणकन वाजला. मास्तरांनी डब्याकडे बघितलं. शेवटच्या, शनिवारच्या अर्ध्या दिवसासाठी कुणी डबा आणत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असणार. माझ्याही तेव्हाच आलं.

"द्या ना, खुशाल द्या त्यांना मत," मी म्हणाले. "आणि पुढच्या वेळी ते काय लिहून पाठवतात ते वाचणार कुठं बसून? कुणाकडे बघून?"

मास्तरांनी बिस्किटांचा पुडा फोडून माझ्याकडे सरकवला.

मुलाला संध्याकाळी फोन करायचा होता. तो चिडणार होता, आणि त्याला काय सांगायचं ते मला अजून नीट जमवता आलेलं नव्हतं. आई, इतकं हरल्यावर तिथं काय उरलंय, असं तो विचारणार. एक टेबल उरलंय, म्हणून सांगेन.

मी खुर्ची ओढली, बिस्कीट घेतलं आणि पेन्सिल उचलली.

"वाचा," मी म्हणाले.