पान एकशे बारावरचा शब्द

मास्तरांनी खोकं फोडलं, वरची प्रत काढली, नव्या कागदाचा वास घेतला आणि सवयीप्रमाणे आकडे तपासायला बसले. लढायांवर लिहिणाऱ्याला लोक आकड्यात पकडतात, हे त्यांचं ठाम मत. साल चुकलं, डोंगराची उंची चुकली, तोफ एक जास्त झाली, की पत्रांवर पत्रं येतात. म्हणून पुस्तक हातात आलं की अक्षरांकडे ढुंकूनही न बघता ते नुसते अंक शोधत पानं उलटायचे. छपाईआधीची शेवटची मुद्रितंही त्यांनी तशीच तपासली होती आणि खाली झोकात सही ठोकली होती. एकशे बाराव्या पानावर ‘एकतीस’ हा आकडा अगदी बरोबर होता. त्याच्या अवतीभवतीचं वाक्य मात्र त्यांचं नव्हतं. ‘अखेर कंपनीने पळ काढला आणि एकतीस जण जिवंत परतले.’

मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पळ जागच्या जागी होता. त्यांनी लिहिलं होतं, ‘आदेश मिळताच कंपनीने शिस्तीत माघार घेतली.’ आदेश गायब, शिस्त गायब, माघार गायब! त्यांनी प्रत टेबलावर अशी आपटली की बायको विचारत बाहेर आली, काय पडलं म्हणून. मी पडलो, मास्तर म्हणाले, तोंडावर.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षांत ‘एका बैठकीत एक लढाई’ या मालेतलं हे त्यांचं सहावं पुस्तक. दोनशे पानं, मोठा टाइप, चार नकाशे, आणि सगळं कसं घरी बसून गोष्ट सांगावी तसं. विद्यापीठातले विद्वान म्हणायचे, हा काही इतिहास नव्हे, गप्पा आहेत. वाचक म्हणायचे, गप्पा छान आहेत, पण मास्तर, जरा जड जातं हो. बायको त्यांना मृदंग म्हणायची, दोन्हीकडून बडवून घेणारा. मास्तर तेही हसून सोडून द्यायचे. पण हा पळ हसून सोडण्यातला नव्हता, कारण या पुस्तकासाठी त्यांनी एका माणसाला शब्द दिला होता.

तो माणूस म्हणजे बिनतारी काका. फौजेत असताना कंपनीचं बिनतारी यंत्र पाठीवर वाहायचे, म्हणून हे नाव. वय शहात्तर, मधुमेहानं डोळे गेल्यात जमा. बावन्न वर्षांपूर्वी त्यांची कंपनी पुलाच्या रक्षणासाठी वरच्या डोंगरकड्यावर चार दिवस तग धरून होती आणि चौथ्या संध्याकाळी खाली उतरली. सरकारदरबारी नोंद झाली, ‘आदेशानुसार माघार.’ पण कागदावरचं कोण वाचतो? लोकांनी त्या कंपनीला पळपुटी ठरवून टाकलं. काकांचा सख्खा मेहुणा त्यांना चारचौघांत ‘धावपटू’ म्हणायचा. कप्तान त्या दिवशी सकाळीच पडला होता, मुख्यालयातली नोंदवही पुढे आगीत गेली, तेव्हा त्या हुकुमाला साक्षीदार म्हणाल तर एकटे काका उरले होते.

मास्तर दोन वर्षं त्यांच्याकडे जात होते. काका बुटांबद्दल बोलायचे, खेचरांबद्दल बोलायचे, बर्फात गोठलेल्या डाळीबद्दल बोलायचे. चौथ्या संध्याकाळपाशी आले की गाडी अडायची. शेवटी एक दिवस त्यांनी मास्तरांचं मनगट धरलं आणि म्हणाले, एकच लिहा, वरून हुकूम आला म्हणून आम्ही उतरलो. लागोपाठ तीनदा म्हणाले. मास्तरांनी तिन्ही वेळा मान डोलावली होती. आणि आता तेच काका सुनेकडून हे पुस्तक वाचून घेणार आणि पानावर काय, तर पळ! मेहुणा परवडला, तो निदान तोंडानं म्हणायचा.

प्रकाशनाचं ऑफिस छापखान्याच्या माडीवर होतं. जिन्यावरही गठ्ठे, त्यामुळे वर जायचं तर अंग चोरून जावं लागे. संपादिकेचं नाव मास्तरांनी केव्हाच चाळणीबाई ठेवलं होतं. जड शब्द वरच अडवायचे आणि बारीक तेवढे खाली सोडायचे, हे तिचं काम. वाईट बाई नव्हती, हुशार होती, आणि पुस्तकं खपत होती त्यात अर्धा वाटा तिचा होता, हे मास्तर रागाच्या भरातही नाकारत नसत. तिनं रसदीचं ‘खाण्यापिण्याचं सामान’ केलं, त्यांनी चालवून घेतलं. कुमकेची ‘मदत’ केली, तेही गिळलं. कंपनी म्हटलं की लोकांना कारखाना वाटेल, असं तिचं म्हणणं पडलं तेव्हा मात्र त्यांनी टेबल बडवलं होतं, आणि कंपनी वाचली होती.

आज ते टेबल बडवायलाच आले होते. चाळणीबाईंनी शांतपणे सगळं समजावून सांगितलं. मालेतलं प्रत्येक पुस्तक छापण्याआधी त्या आपल्या नववीतल्या भाचीला वाचायला देत. भाची या पानाशी अडली. माघार म्हणजे निवडणुकीत अर्ज मागे घेतात ते ना, असं तिनं विचारलं, मग मावशी, हे सैनिक उमेदवार होते का? शिवाय ‘आदेश मिळताच शिस्तीत’ वगैरेनं वाक्य लांबत होतं, धाप लागत होती. पळ काढला म्हटलं की कसं, पोराबाळांनाही कळतं.

"माघार घेणारा शेवटी निघतो, बाई," मास्तर म्हणाले. "पळणारा सगळ्यांच्या आधी. एवढाच फरक आहे, आणि तो तुम्ही खोडलात."

चाळणीबाई उठल्या. मग त्यांनी कपाटातून मुद्रितांची चळत काढली, एकशे बारावं पान उघडलं आणि मास्तरांपुढे ठेवलं. पळ तिथंही होता, चांगला ठळक. आणि शेवटच्या पानाखाली मास्तरांची झोकदार सही. आपलेच दात आणि आपलेच ओठ! नऊ वर्षं आकडे बघत आलो आणि एक शब्द बघायला डोळे नव्हते, म्हणून मास्तरांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तीन हजार प्रती बांधून तयार होत्या आणि परवा दुकानांत जायच्या होत्या. प्रकाशकांनी खालून निरोप पाठवला की फेरछपाईचं नाव काढू नका. मास्तर जिन्यातच ठाण मांडून बसले. गठ्ठे वर-खाली नेणाऱ्यांची वाट अडली, शिव्या पडल्या, तरी ते हलले नाहीत. अखेर तोड निघाली ती पट्टीची. मूळ वाक्य बारीक पट्टीवर छापायचं आणि प्रत्येक प्रतीत त्या ओळीवर चिकटवायचं. दुपारपर्यंत बाइंडिंगवाले चौघं कामाला लागले, आणि नको म्हणत म्हणत चाळणीबाईही डिंकाची बाटली घेऊन त्यांच्यात बसल्या. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. काकांची प्रत आपण स्वतः नीट चिकटवून नेऊ, असं ते म्हणाले.

चाळणीबाईंचा हात थांबला. काकांची प्रत तर त्यांनी तीन दिवसांपूर्वीच कुरिअरनं पाठवली होती. पहिली प्रत त्यांनाच द्या, असं मास्तरच म्हणाले होते ना? एरवी आठ-आठ दिवस लोळत पडणारं कुरिअर नेमकं या खेपेला दुसऱ्याच दिवशी पोचलं होतं. पोचपावतीवर सुनेची सही होती.

मास्तरांनी एक पट्टी आणि डिंकाची कांडी खिशात टाकली आणि दोन बस बदलून काकांचं घर गाठलं. रस्ताभर ते माफीची वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळेना. लोकांना इतिहास सोपा करून सांगणारे म्हणे आपण, आणि एका म्हाताऱ्याला दिलेला एवढासा शब्द धड पोचवता आला नाही.

दार सुनेनं उघडलं. ती घरातच शिवणकाम करायची, गळ्यात टेप, बोटात सुई. आत या म्हणाली नाही.

"दोन वर्षं तुम्हाला चहा पाजला मी, मास्तर," ती म्हणाली. "हे लिहायला?"

मास्तर चूक, पट्टी, भाची असं काहीबाही पुटपुटले. ती ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती. परवा पुस्तक आलं तेव्हापासून दुपारचं जेवण झालं की ती सासऱ्यांना तासन्‌तास वाचून दाखवत होती. काल त्या ओळीपाशी आली आणि तिची जीभ अडखळली. गाळून पुढे जावं असं वाटलं, पण गाळलेलं बाबांना बरोबर कळतं, म्हणून वाचलं. ते म्हणाले, पुन्हा वाच. तिनं वाचलं. पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा वाचल्यावर आज पुरे म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. एवढं सांगून ती जरा घुटमळली. मग तक्रार केल्यासारखी म्हणाली की त्यानंतर ते चक्क घोरत होते, दिवे लागेपर्यंत. दुपारी पाच मिनिटं डोळा न लागणारा माणूस!

ती दारातून बाजूला झाली तेव्हा काका आत पलंगावर बसलेले दिसले. पुस्तक मांडीवर होतं आणि एकशे बाराव्या पानात बोट खुपसलेलं होतं. मास्तर समोरच्या खुर्चीत टेकले आणि खिशातली पट्टी बाहेर काढली. तोंड उघडणार, एवढ्यात काकाच बोलले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

मास्तरांना प्रश्नच कळला नाही. काकांना उत्तराची घाई नव्हती. ते आपल्याच नादात, अडखळत, पण न थांबता सांगत गेले. यंत्राची बॅटरी आदल्या रात्रीच थंडीनं मेली होती. दिवसभर पाठीवर नुसतं ओझं होतं, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण यंत्र मेलंय म्हटलं असतं तर पोरांचा उरलासुरला धीरही सुटला असता. कप्तान गेल्यावर हवालदार दर पंधरा मिनिटांनी येऊन विचारायचा, काही आलं का? तीस जणांचे डोळे त्यांच्या कानाकडे लागलेले. संध्याकाळी हवालदारानं पुन्हा विचारलं आणि काकांच्या तोंडून निघून गेलं, आलं, खाली या म्हणतात. ठरवून नाही, विचार करून नाही, नुसतं निघून गेलं. मग सगळे ओळीनं उतरले, जखमींना पाठुंगळी घेऊन, एक बंदूक मागे न टाकता. खाली पुलावर दुसऱ्या तुकडीची नऊ पोरं होती. वरचा कडा आपल्याच माणसांच्या हातात आहे, या भरवशावर ती तिथं थांबली होती. त्यांतलं एकही परत आलं नाही.

सून दाराच्या चौकटीत उभी होती. तिनं सुई कधी पदरात टोचून ठेवली, तिचं तिलाही कळलं नसेल.

"बावन्न वर्षं सांगत आलो, हुकूम आला होता," काका म्हणाले. "काल हिनं वाचलं, पळ काढला. मला वाटलं, मास्तरांनी शोधून काढलं शेवटी. सुटलो एकदाचा."

मास्तरांनी हातातल्या पट्टीकडे बघितलं. ‘आदेश मिळताच.’ ज्या खोट्या वाक्यासाठी ते आज दिवसभर लोकांची डोकी खात होते, तेच वाक्य. संताप असा दाटून आला की तो कुणावर काढावा कळेना. काकांवर काढावा तर काढवत नव्हता. नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. सगळं खणून काढणारा मोठा संशोधक म्हणून या घरातून बाहेर पडता आलं असतं. पण जीभ रेटेना.

"कुणीच नाही सांगितलं, काका," ते म्हणाले. "मी माघारच लिहिलं होतं. ती छापण्यातली चूक आहे. मला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं."

काकांनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. चेहऱ्यावर कालपासून आलेली विसावल्याची कळा हळूहळू उतरली. म्हणजे माझ्याच तोंडून गेलं, एवढंच ते म्हणाले. मास्तरांना बसल्या जागी गाडून घ्यावंसं वाटलं. तिकडे बाइंडिंगवाले पट्ट्या चिकटवत बसले होते. चिकटवल्या तर खोटं छापल्यासारखं, न चिकटवल्या तर बाकीच्या तीस जणांवर पळपुटेपणाचा शिक्का. काय करू, सांगा आता तुम्हीच, असं ते जवळजवळ खेकसलेच.

काकांनी विचार करायला वेळ घेतला नाही. ते तीस जण हुकूम मानून उतरले होते, त्यांना माघारच म्हणा, पट्ट्या चिकटवा, म्हणाले. माझं काय ते पुढच्या आवृत्तीत सरळ लिहा, मी असेन नसेन. मग त्यांनी हात पुढे केला. मास्तरांनी पट्टी त्या हातावर ठेवली. काकांनी ती बोटांनी चाचपून बघितली आणि परत दिली.

"या प्रतीत नको," ते म्हणाले. "माझी तशीच राहू दे."

त्यांनी पुस्तक सुनेकडे केलं आणि पुढचं वाच म्हणाले, आता पुलावरची पोरं यायची आहेत. तिनं मशीनजवळचं स्टूल ओढून घेतलं, पान उलटलं आणि नऊ नावं एकेक करून वाचायला लागली.