ताक

श्रीपतशेटने चहाचे सहा रिकामे ग्लास टेबलावर ओळीत मांडले आणि मिठाची डबी त्यांच्यासमोर आपटली.

"हा भरत," तो म्हणाला. "आणि हे समोरचे सहा. सव्वीस-सव्वीस. शेवटची चढाई. आता याने काय करायला पाहिजे होतं?"

सारिकाच्या हॉटेलात पहिल्या पाळीची माणसं नुकतीच सुटून आली होती. श्रीपतशेटने स्वतःच डबी मागे ओढली.

"रिकामं परत यायचं. मग बरोबरी, मग पाच-पाच चढाया, आणि त्यात आपला विनीत ताजातवाना बसलेला. शेंबडं पोर सांगेल. बोनसला पाय घालायचं कारणच काय?"

हा प्रश्न समोर बसलेल्या गंगाधर सरांना होता. सर कॉलेजात कबड्डी शिकवायचे, तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनला नव्याने अर्ज करून. श्रीपतशेटचं मसाल्याचं दुकान आणि कॉलेजच्या क्रीडा कमिटीतली खुर्ची, दोन्ही वडिलोपार्जित.

"कोंडाजी, तू तर खेळलायस. सांग की," शेटने टेबलाच्या दुसऱ्या टोकाला विचारलं.

कोंडाजीने पावाचा तुकडा रश्शात बुडवला. एरवी असल्या सभेचा अध्यक्ष तोच असायचा. काल पोलादपूरच्या मैदानात, सामन्यालाही तो कंपनीच्या कपड्यांवरच दोरीला रेलून उभा होता.

"माझं काय घेऊन बसलाव," तो म्हणाला. "तुमची डबी लय भारी खेळते, शेट. तिलाच घ्या संघात."

माणसं हसली. सरही थोडे हसले. त्यांनी कोंडाजीकडे पाहिलं आणि नजर लगेच चहात घातली.

तेवढ्यात भरत आला. कापड्याहून मोटारसायकलवर आला होता, डाव्या घोट्याला पट्टी. शेवटच्या चढाईत समोरच्या कोपऱ्यातल्या गड्याने हाच घोटा धरला होता आणि सामना एका गुणाने गेला होता. त्याने चादरीत बांधलेलं गाठोडं सरांच्या पायाशी ठेवलं.

"जर्स्या, सर. आयने धुतल्यात. बारा हायत."

"बारा? बाकीच्यांच्या अकराच द्यायच्या होत्या. बारावी तुझी ना?"

"माझी पण त्यातच हाय. मना नको आता."

सरांनी ग्लास खाली ठेवला. "बस."

भरत बसला नाही. "सर, तुम्ही 'घरी' म्हणालाव. मी ऐकला. मग 'ताक' ऐकला. माझ्याच कानांनी घोळ केलान. मना वाटला तुमचाच आवाज."

"ताक काय, घरी काय?" श्रीपतशेट म्हणाला.

सरांनी समजावलं. समोरच्याला कळू नये म्हणून हे शब्द. भाकर म्हणजे गडी बाद कर. ताक म्हणजे बोनस घे. घरी म्हणजे काही न करता परत ये. संघाबाहेर कुणाला ठाऊक नाहीत.

बाहेर एकालाच ठाऊक होते. पंचवीस वर्षांपूर्वी गावच्या मंडळाच्या संघात गंगाधर कप्तान होता आणि कोंडाजी उजवा कोपरा. हे शब्द दोघांनी पेजेच्या पंगतीत बसून काढलेले. शिवाय कोंडाजी गंगाधरचा आवाज असा काढायचा, की समोरच्या संघाला दोन कप्तान ऐकू यायचे आणि ते गोंधळायचे. मंडळ मोडलं, गडी मुंबईला गेले, आणि ती गंमत दोघांतच राहिली.

काल कोंडाजीला समोरचा डावा कोपरा ढिला दिसला होता. अगदी झोपलेला. सर 'घरी, घरी' ओरडत होते आणि त्याला वाटलं, गंगाधर म्हातारा झाला. त्याचं तोंड आपोआप उघडलं.

"तुझ्या कानांनी काही घोळ केला नाही," सर भरतला म्हणाले. "मीच ताक म्हणालो. आधी घरी म्हणालो, मग बदललं."

"तुम्ही कधी बदलत नाय."

"काल बदललं."

भरतने मान हलवली. मोठ्या माणसाने आपल्यासाठी खोटं बोलावं आणि ते आपल्याला कळावं, तशी.

"म्हणजे चूक तुमची," श्रीपतशेट म्हणाला. "सोमवारी कमिटीत असंच सांगू ना, सर? नंतर फिरवाल."

"सांगा."

"निघतो, सर," भरत म्हणाला.

कोंडाजीने ताटली सरकवली. अर्धा पाव तसाच होता. तो उठला आणि हात धुवायला बेसिनपाशी गेला. मोरीच्या आडभिंतीमागे गेलेला माणूस बाहेरून दिसत नसे. त्याने नळ सोडला. एकदा खाकरला. पुन्हा खाकरला.

मग आतून गंगाधर सरांचा आवाज आला. थोडा नाकातला, शेवट ओढलेला, पोलादपूरच्या मैदानात कालच घुमलेला.

"ताऽक! भरत, ताऽक!"

दोघे-तिघे हसले, सवयीने. श्रीपतशेटचा हात मिठाच्या डबीवर होता, तो तिथेच राहिला. दारापर्यंत गेलेला भरत थांबला होता. तो हसला नाही.

सारिका स्वयंपाकघरातून ओल्या हाताने ताकाचा ग्लास घेऊन आली आणि तिने तो सरांपुढे ठेवला. "घ्या, सर. मीठ कमी वाटला तर सांगा."

सर त्या ग्लासकडे बघत राहिले.

"मी नाही मागवलं," ते हळूच म्हणाले.

"असा कसा? तुमचाच आवाज आला की आता."

नळ चालूच होता. कोंडाजीचे हात केव्हाच धुऊन झाले असणार.

सरांनी ग्लास उचलला आणि टेबलाच्या त्या बाजूला, अर्ध्या पावाशेजारी नेऊन ठेवला. भरत दारातून परत आला. दुखरा पाय बाजूला काढून तो गाठोड्यापाशी खाली बसला आणि चादरीची गाठ सोडायला लागला.