सवतीचा टाक

माझे वडील तळेगावच्या मराठी शाळेत मास्तर होते, त्यामुळे लहानपणी माझ्या तोंडून चुकून एखादा ‘न्हाई’ निघाला, तर ‘नाही’ असं घोकून घेतल्याशिवाय ते मला पानावर बसू देत नसत. त्या शुद्ध बोलण्याचा मला तोरा होता, तो कशाला लपवू? बाकी मिरवावं असं जवळ काहीच नव्हतं. रूप बेताचं, त्यात गळ्याशी सुपारीएवढी गाठ. स्थळं यायची, पदर जरा सरकला की पोहे खाऊन परत जायची. शेवटी लोणावळ्याचे रखमाजी पुढे आले. बिजवर होते, पण वडिलांनी देवापुढे साखर ठेवली. एका पारशी शेठच्या बंगल्याची राखण हे करत आणि मागच्या दोन खोल्यांत राहत. यांची पहिली बायको झुंबर, कुरवंड्याची, तापानं गेली होती, आणि तिची मुलगी सरू मागे राहिली होती.

लग्नात मंगळसूत्राबरोबर माझ्या गळ्यात टाक आला. बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली एक बाई. पहिलीच्या नावाचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा, म्हणजे गेलेली शांत राहते आणि नवीच्या संसाराला नख लावत नाही, अशी आमच्याकडची रीत. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. गोडधोड झालं तर पहिला घास त्याला दाखवायचा. मी सगळं निमूट केलं, पण मनातून चडफडत होते. सवत चांदीची झाली तरी सवतच.

खरं दुखणं मात्र टाकाचं नव्हतं, सरूचं होतं. तिला न्हाऊमाखू घालायची मी, तिच्या तापात उशाशी बसायची मी, आणि ती मला ‘तुमी’ म्हणायची. “तुमी नाही, आई म्हण,” असं मी किती वेळा सांगितलं असेल. ती मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायची. झोप आली की माझ्याच कुशीत शिरायची, टाक मुठीत घट्ट धरायची आणि त्याला म्हणायची, “आये.” माझ्या छातीवर डोकं ठेवून, मला वगळून. त्या एका हाकेसाठी मी काय वाटेल ते द्यायला तयार होते.

पुढे गाठ वाढली, घास उतरेना, तेव्हा शेठच्या ओळखीनं पुण्याला गळ्याच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, “गाठ काढावी लागेल. ती आवाजाच्या नसेला लागून आहे. काही दिवस आवाज बसेल, कदाचित थोडा बदलेलही. पण घाबरायचं नाही.” ऑपरेशनच्या दिवशी नर्सबाईंनी गळ्यातलं सगळं उतरवायला सांगितलं. मंगळसूत्र काढताना माझे डोळे भरून आले. टाक काढला तेव्हा मात्र, खरं सांगते, हायसं वाटलं. यांनी तो रुमालात बांधला आणि यांचा चेहरा उतरला.

“लवकर घाल माघारी,” एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर जखम भरेपर्यंत टाक कुंकवाच्या करंड्यात ठेवला. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली होती. पाटीवर लिहावं तर यांना अक्षरओळख नव्हती, म्हणून सगळा कारभार हातवाऱ्यांवर चालला होता. बडबडी बाई मी, पण ते दिवस बरे गेले. हे भाकऱ्या थापायचे, सरू यांना हसायची आणि तिच्याबरोबर मीही आवाज न करता हसायचे.

बंदी उठली त्या सकाळी हे ओट्यावर बसून खराटा बांधत होते. चहा हवा का, म्हणून यांनी विचारलं. मला नको होता.

“न्हाई,” मी म्हणाले.

आवाज बसलेला नव्हता. भरदार होता, मोकळा, रानात ओरडायची सवय असलेल्या बाईचा असावा तसा. यांच्या हातातली सुतळी सुटली. यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, अंगणाकडे पाहत विचारलं, “काय म्हनलीस?”

काही नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि ऐकू आलं, “काय न्हाई वं.”

तेवढ्यात सरू विहिरीकडून धावत आली, येऊन कमरेला बिलगली आणि पोटात तोंड खुपसून म्हणाली, “आये.”

इतकी वर्षं ज्या हाकेची वाट पाहिली ती आली, आणि तिच्या डोक्याकडे गेलेला माझा हात मधेच थांबला. सरू माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. डोळे मिटून फक्त ऐकत होती.

मग मी बोलायलाच भिऊ लागले. मनात योजावं एक आणि गळ्यातून निघावं दुसरंच. सरू, केस विंचरायला ये, असं म्हणायचं असायचं आणि आवाज म्हणायचा, “ये, ठके, येणी घालते.” ठकी हे नाव मी कधी ऐकलेलंही नव्हतं, पण सरू त्या हाकेला लगेच येऊन बसली. हे दारात उभे होते. यांचा चेहरा पांढराफटक पडला, पण दुसऱ्या दिवसापासून हे कामावरून लवकर येऊ लागले. येऊन माझ्याजवळ बसायचे आणि काहीतरी विचारत राहायचे, मी नुसतं बोलत राहावं म्हणून. माझ्याशी लग्न झाल्यापासून हे कधी असे बसले नव्हते.

डॉक्टरांकडे पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा सरूची पाटी मी पदराखाली घेतली होती. त्यावर घरीच लिहून ठेवलं होतं, ‘हा आवाज माझा नाही.’ डॉक्टरांनी वाचलं आणि ते हसले. “सगळेच पेशंट असं म्हणतात. होईल सवय. जखम तर छान भरली आहे. दुखतं का कुठं?”

“न्हाई, लय बरं हाय आता,” आवाज म्हणाला. डॉक्टर खूश झाले. मी पाटीवरच्या अक्षरांवर पुन्हा पुन्हा बोट ठेवत होते.

येताना गाडीत मला एकच सुचत होतं, टाक. ज्याला मी इतकी वर्षं बोल लावला तोच आता गळ्यात हवा होता. घरी येताच मी करंडा उघडला. टाक होता, पण त्यावरची बाई नव्हती. पत्रा गुळगुळीत, पुसलेल्या ताटासारखा. यांनी तो उजेडात धरून उलटासुलटा केला.

“झिजला असंल,” हे म्हणाले आणि तो रुमालात बांधून उठले.

आम्ही बाजारात सोनाराकडे गेलो. त्यानं चांदी तोलली, भट्टी फुंकली आणि रीतीप्रमाणे विचारलं, “सवतीचा ना? नाव काय घेऊ ठोकताना?”

हे माझ्याकडे बघू लागले. झुंबर, मी जीव खाऊन म्हणत होते, झुंबर म्हणा. ओठ हलले ते मला कळलंही.

“मुक्ता,” आवाज म्हणाला. “तळेगावची व्हती. लय गुनाची.”

मुक्ता माझं नाव. यांना ते ठाऊक होतं. यांनी मान खाली घातली आणि सोनाराला म्हणाले, “ठोका.”

हातोडीचा पहिला घाव पडला तेव्हा माझे कान बधिर झाले. पुढचे घाव फार जवळून ऐकू आले.

घरी यांनी टाक काळ्या दोऱ्यात ओवला आणि गळ्यात बांधला. गाठ मारणारी यांची बोटं मला खालून दिसली. वर कुठंतरी ती बाई हसत होती, सरूला शिऱ्याचा पहिला घास भरवत होती. मग तिला आठवण झाली असावी. तिनं एक घास टाकाला दाखवला. मला त्याचा वास आला.

सरू जवळ आली. तिनं टाक चिमटीत धरून उचलला, डोळ्यांशी नेला आणि बराच वेळ बघत राहिली.

“तुमी हितं व्हय?” ती म्हणाली.