मीनाचे दात आणि गिऱ्हाईक

अठ्ठ्याण्णव साली पोलादपूरच्या वरच्या डोंगरात, आमच्या वाडीवर, विनीताबाई शिकवायला आल्या. महाडहून एसटीने यायच्या, पुढचा चढ पायी चढायच्या आणि वर आल्यावर घटकाभर बोलायच्याच नाहीत. अशा माणसाबद्दल वाईट बोलायला जागा नसते.

मग त्यांनी बाजारातून ब्रश आणले. प्रार्थना झाली की पोरं शाळेच्या पडवीत ओळीने बसून दात घासायची आणि बाई एकेकाला 'आ' करायला लावून तोंडात बघायच्या.

शेरडं घेऊन चाललेल्या भैरूने हे पाहिलं आणि तो तिथेच थांबला. शेरडं पुढे गेली. आमच्याकडे तोंड उघडून दात बघतात ते जनावर विकताना. वय कळतं, भाव ठरतो. दुसऱ्या कुठल्या कारणाने कुणी कुणाच्या तोंडात डोकावल्याचं वाडीत कुणाला आठवत नव्हतं. त्यात ओळीत पहिली भैरूची मीना.

घरी येऊन त्याने बायकोला, अंबूबाईला, सगळं समजावलं. ब्रश फुकट, पेस्ट फुकट. ब्रशावर नावाची चिठ्ठी, म्हणजे कुठलं कुणाचं ते गिऱ्हाइकाला कळावं. विकायच्या आधी आपणही शेरडं धुतोच की. अंबूबाई म्हणाली, तुमच्या पोरीला घेतंय कोण, सकाळी उठवून तरी बघा तिला.

भैरूने भाव पाडायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्याने मीनाच्या दातांना स्वतःच्या हाताने मशेरी फासली, जाळलेल्या तंबाखूची, चांगली काळी. मीना ओळीत बसली, ओकली आणि आडवी झाली.

बाईंनी तिला उचलून घरी आणलं. भैरूने पोरीला मांडीवर घेतलं, पाणी पाजलं आणि सरळ विचारलं, "कितीला ठरवलीय?"

बाईंना कळेना. अंबूबाईने जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. भैरूसमोर बसून त्यांनी आपलंच तोंड उघडलं. "बघा."

भैरूने त्यांना उजेडाकडे वळायला सांगितलं आणि नीट बघितलं. सवयच ती.

"दोन दाढा नाय तुमाला."

"लहानपणी कुणी बघितलंच नाही, भैरूदादा. ठणकायला लागल्यावर बघितलं, तोवर गेल्या होत्या."

भैरूने मीनाला उजेडाकडे वळवलं. मग त्याने मीनाचं तोंड उघडलं. मशेरी पुसल्यावर मागच्या दाढेला बारीकसं भोक दिसलं. आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडात त्याने आजवर नीट बघितलं नव्हतं. तिला कधी विकायचंच नव्हतं ना.

दुसऱ्या दिवशी मीना ओळीत होती आणि भैरू पडवीच्या कडेला उभा. बाई तिच्यापाशी आल्या तसा तो म्हणाला, "बघा. पन इकायची नाय."

"नाही विकत," बाई म्हणाल्या.

मग हे रोजचंच झालं. प्रार्थना, प्रतिज्ञा, बाईंचा भैरूला शब्द, आणि मगच ब्रश. एकदा भैरू तापाने पडला, तेव्हा त्याने तो शब्द घ्यायला अंबूबाईला पाठवलं. तिने शब्द घेतला, आणि जाता जाता, विकलीच असती तर भाव काय आला असता, तेही विचारून घेतलं.