लाल स्टिकर

ओरगडमच्या मोटार कारखान्यात मी सदोष भागांवर लाल स्टिकर लावतो. वडिलांनी मला पट्ट्याने सोलून काढलं होतं. माझ्या पोरीला मी बोटही लावणार नाही, हे तिच्या जन्माआधीच ठरवलं! म्हणून हेच स्टिकर तांबरमच्या घरी आणले. खेळण्यांचा पसारा? लाल! वाकडं अक्षर? लाल! मार नाही, आरडाओरडा नाही. कँटीनमध्ये हे सांगताना माझी छाती फुगायची.

काल दार उघडताच सहा वर्षांची सावनी उड्या मारत आली.

"बाबा, बघ! तुझं चित्र काढलं!"

कागदावर मी होतो, मिशीसकट, मस्त हसणारा! पण कोपऱ्यात लाल स्टिकर.

"हा कुणी लावला?"

"मीच!" ती खुशीत म्हणाली. "तू लावणारच होतास ना?"