चौथ्या सिलिंडरमागचा पत्रा

मी एक जुना पत्रा आहे, मित्रांनो. हातभर लांब, कोपऱ्यात वाकलेला, वरच्या काठाला लाल रबराची पट्टी. जुहूच्या विमानतळावर एका हँगरमध्ये खिळ्याला टांगलेला असतो. तुम्ही मला पाहिलंत तर वाटेल, कुठल्या तरी मोडक्या कूलरचा तुकडा असेल. वाटू दे. पण मी एका छोट्या विमानाच्या इंजिनाजवळ बसून पुष्कळ वर्षं आकाशात हिंडलो आहे.

मला घडवलं अंबादास यांनी. शिकाऊ वैमानिकांच्या एका क्लबात ते मेकॅनिक होते, राहायला घाटकोपरला. माझ्या आधीचा पत्रा तडकला, म्हणून त्यांनी कोऱ्या ॲल्युमिनियममधून मला कापलं, कानशीनं माझ्या कडा घासल्या आणि वर ही रबराची पट्टी ठोकली.

"बघ, कसा नवरदेव दिसतोस," ते म्हणाले.

आणि लगेच मला इंजिनाच्या मागच्या अंधाऱ्या, तेलकट कोपऱ्यात बसवून टाकलं. नवरदेवाची वरात तिथेच संपली.

आमच्या इंजिनाला चार सिलिंडर होते, दोन पुढे आणि दोन मागे. मोटारीच्या इंजिनाला थंड करायला पाणी असतं. आमची सगळी भिस्त वाऱ्यावर. विमानाच्या नाकातल्या दोन भोकांतून वारा आत यायचा. पण वारा मुळातच आळशी, मित्रांनो. फट दिसली की कामाला न लागता तिकडून पसार होतो. माझं काम त्याची वाट अडवण्याचं. रबर इंजिनावरच्या झाकणाला घट्ट टेकवून मी उभा राहायचो, म्हणजे वारा मुकाट्यानं सिलिंडरांच्या खाचांतून खाली जायचा आणि त्यांना गार करायचा. तरीही पुढचे दोघे पंगतीत आधी बसलेले. त्यांनीच सगळे लाडू उचलले तर मागच्यांनी काय खायचं? माझ्या पुढ्यातला चौथा सिलिंडर नेहमी असाच उपाशी राहायचा आणि तापायचा.

वैमानिकासमोरच्या छोट्या पडद्यावर चार सिलिंडरांची उष्णता दाखवणाऱ्या चार दांड्या दिसत. जयंती मॅडम विमान उडवायला शिकवायच्या. त्या उतरल्या उतरल्या ओरडायच्या, "अंबादास, चौथा अजून वर आहे हो!"

"धीर धरा मॅडम. पुढचा हावरट आहे, त्याचं ताट जरा लहान करतो."

मग अंबादास पुढच्या सिलिंडरासमोरच्या पत्र्यात बोटाच्या पेराएवढी भर घालायचे. मॅडम पुन्हा उडून यायच्या. पुन्हा थोडं कापणं, थोडं जोडणं. असं करता करता एके दिवशी मॅडम हसतच उतरल्या. "झकास! चौघंही एका रांगेत!" सगळ्यांनी पडद्याचं कौतुक केलं. ज्याच्या हाती ससा तो पारधी, दुसरं काय! पण अंबादासनी आत हात घालून मला थोपटलं आणि माझा रुसवा पळाला.

क्लबाचे सेक्रेटरी मार्तंडसाहेब मात्र त्या विमानाला कंटाळले होते. "इंजिन म्हातारं झालंय," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "आता एक जरी सिलिंडर गेला ना, तर मी नवा आणणार नाही. सरळ भंगार."

"माझे हात चालतायत तोवर नाही जाणार, साहेब," अंबादास म्हणाले.

ते खरंच होतं. माझ्यात एक खोड होती. झाकण बसवताना माझ्या रबराचा एक कोपरा उलटा दुमडायचा आणि तिथून वारा निसटायचा. झाकण लागल्यावर बाहेरून काही दिसत नाही. म्हणून अंबादास झाकण लावलं की बाही वर करायचे, नाकाच्या भोकातून खांद्यापर्यंत हात घालायचे आणि रबरावरून शेवटपर्यंत बोटं फिरवायचे. माझा कोपरा दुमडलेला सापडला की बोटानं आत ढकलायचे. हे त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही. लपवलं असंही नाही. घराबाहेर पडताना आपण गॅसचं बटण चाचपतो, ते काय कुणाला सांगत बसतो?

एका सकाळी अंबादास आले नाहीत. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात गेला.

त्यांच्या जागी चैतन्य आला. मुलगा कष्टाळू, पुस्तक वाचून काम करणारा. त्याच्याविषयी वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही. त्यानं तेल बदललं, झाकण लावलं, आणि माझा कोपरा दुमडला. हात काही आला नाही.

चौथ्याची दांडी वर चढली. चैतन्यला वाटलं, मोजणारी तारच बिघडली असेल. त्यानं ती बदलली. चोर सोडून संन्याशाला फाशी! दांडी खाली येईना. मग त्यानं झाकण काढलं आणि बॅटरी घेऊन सगळं तपासलं. मलाही पाहिलं. पण मित्रांनो, झाकण निघालं की मी ताठ उभा! लावलं की पुन्हा दुमडलेला. त्यानं जितक्या वेळा शोधलं, तितक्या वेळा मी त्याला निर्दोष दिसलो. मला तोंड असतं तर मी तिथेच हंबरडा फोडला असता.

शेवटी मढ बेटाच्या वर उडत असताना इंजिन थरथरायला लागलं. जयंती मॅडमनी जेमतेम ताकदीवर विमान परत आणलं आणि सुखरूप उतरवलं. चौथा सिलिंडर जळाला होता. मार्तंडसाहेबांनी शब्द पाळला. विमान हँगरच्या मागे ढकललं गेलं.

भंगारवाला यायच्या आधी अंबादास आले. पत्नी शकुबाईंनी त्यांना घाटकोपरहून मेट्रोनं, मग रिक्षानं आणलं होतं. फाटकावरच्या सहदेवनं "जयभीम, दादा" म्हणत खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत. काठी टेकत सरळ विमानापाशी आले. चैतन्य मान खाली घालून उभा होता.

"काका, माझं काय चुकलं ते सांगा ना. मला झोप नाही लागत हो."

अंबादासनी काठी शकुबाईंकडे दिली आणि नाकाच्या भोकातून डावा हात आत घातला. तो हात मला अनोळखी होता, चाचपडत होता. पण बोटं माझ्या दुमडलेल्या कोपऱ्यावर आली आणि थांबली. चौथा का जळाला, ते त्यांना कळलं. मला वाटलं, आता ते ओरडणार.

त्यांनी माझा कोपरा हळूच आत ढकलला. सरळ केला. मग हात बाहेर काढला.

"तुझं... काही नाही चुकलं," ते अडखळत म्हणाले. "वय झालं होतं त्याचं. पण दुसऱ्या विमानांना... झाकण लावलंस ना, की असा हात घालत जा. रबर बघत जा."

चैतन्यचा चेहरा उतरला. त्यानं घाईघाईनं आत हात घातला आणि माझ्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला.

"सरळच आहे, काका," तो म्हणाला, आणि त्याला रडू आलं.

"हां. सरळच आहे."

शकुबाईंनी नवऱ्याची काळी झालेली बोटं पदरानं पुसली. अंबादास जाताना एकदाही मागे वळले नाहीत.

विमान तुकडे होऊन गेलं. चैतन्यनं आठवण म्हणून मला काढून इथे टांगलं. आता तो प्रत्येक विमानाचं झाकण लावल्यावर बाही वर करून आत हात घालतो. मी खिळ्यावरून बघतो. माझ्यावर मात्र पुन्हा कुणाचा हात फिरणार नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचा तरी हात असा गुपचूप फिरत असेल आणि त्याच्यावर सगळं चाललेलं असेल. तो हात चालतो आहे तोवर त्याच्याजवळ जा आणि विचारा, "तुम्ही हे रोज काय करता?" माझ्या अंबादासना कुणी विचारलं नाही.